कुंपणाबाहेरचा निरोप

“अहो, डोकं खाली! डोकं खाली घ्या!”

मागून कुणीतरी घसा फोडून ओरडत होतं. ते आपल्यालाच आहे, हे टिनेकाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण सायकलची साखळी पडलेली, हात वंगणानं काळे झालेले, उत्तरेचा वारा सगळे केस तोंडावर आणून टाकतोय आणि कॅरियरला बांधलेल्या गुलाबांच्या गड्डीची दोरी सुटत आलेली... अशा वेळी माणूस दुसऱ्याच्या ओरडण्याकडे कशाला लक्ष देईल? तेवढ्यात आकाशच खाली येतंय असा आवाज झाला. चार इंजिनांचं एक जुनं विमान तिच्या डोक्यावरून इतक्या खालून गेलं की तिनं साखळी सोडून दोन्ही कानांवर हात ठेवले. वंगणासकट.

विमान कुंपणापलीकडे धावपट्टीवर टेकलं. जळक्या इंधनाचा गरम वास रस्त्यावर उतरला. टिनेका मागे वळली, तर एक उंच, काटकुळा तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून तिच्याकडे बघत होता. तिनं त्याचं घर जाळलं असतं तरी त्यानं याहून वाईट तोंड केलं नसतं.

“गेलं,” तो म्हणाला.

“काय गेलं?”

“विमान! सकाळपासून उभा आहे मी इथे. हे विमान पुन्हा या बाजूला यायचं नाही. आणि फोटोत काय आलं? तुमचं डोकं!”

“मग चांगला येईल की फोटो,” टिनेका म्हणाली. “आणि रस्ता सगळ्यांचा आहे. माझं डोकं कुठे ठेवायचं ते माझं मी बघेन.”

“पण तुम्ही नेमक्या इथेच—”

“साखळी जिथे पडते ना, मी तिथेच थांबते. दुसरीकडे जाऊन थांबायची सोय नसते.”

कालव्याच्या बांधावर घडीच्या खुर्चीत बसलेला एक म्हातारा पोट धरून हसला. “योरिस, तोंड मीट आणि त्या मुलीची साखळी बसवून दे. चूक तुझी आहे. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी समोर बघावं माणसानं.”

योरिस मुकाट्यानं खाली बसला. साखळी त्यानं अशी अलगद बसवली की टिनेकाला नवल वाटलं. हात पुसता पुसता त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

“तुमच्या कानांना... वंगण लागलंय.”

“वाईट दिसतं?”

“नाही,” तो घाईघाईनं म्हणाला. “विमानांनासुद्धा लागलेलं असतं.”

टिनेकाला हसावं की चिडावं कळेना. योरिसच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही, हे तिला पुढे कळायचं होतं.

ही गोष्ट शहाऐंशीच्या उन्हाळ्यातली. टिनेका आल्समेरला एका काचघरात गुलाबांचे डोळे भरायचं, म्हणजे चांगल्या गुलाबाचा डोळा जंगली खोडात बसवून कलम करायचं काम करायची आणि संध्याकाळी रिंगकालव्याच्या बांधावरून सायकलनं घरी जायची. तिचा रस्ता शिपोल विमानतळाच्या एका धावपट्टीच्या टोकावरून जाई. तिथल्या कुंपणापाशी विमानवेड्यांची एक जमातच नांदत होती. उन्हात-पावसात, शिडीवर, खुर्चीवर, गाडीच्या टपावर ही मंडळी कॅमेरे घेऊन उभी असायची. प्रत्येक विमानाच्या शेपटाजवळ त्याचा नंबर असतो. तो टिपायचा आणि फोटो घ्यायचा, एवढाच त्यांचा धर्म. एकेका विमानाचे चार-पाच फोटो. एक स्वतःला, बाकीचे जपानला, ब्राझीलला, ऑस्ट्रेलियाला टपालानं पाठवायचे आणि तिकडून तिकडची विमानं मागवायची. फोटो म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतली इवलीशी स्लाइड. उजेडाकडे धरायची आणि एक डोळा मिटून बघायची. तिच्यात खांब आला, गाडी आली, माणूस आला की स्लाइड बाद.

आता सगळं सोपं झालंय. फोन आकाशाकडे धरला की विमान कुठलं, कुठून आलं, सगळं कळतं. तेव्हा वारा बघावा लागे. विमान उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन. त्यामुळे आज कुठली धावपट्टी चालणार हे वाराच ठरवी, आणि त्याप्रमाणे ही जमात आपलं बिऱ्हाड हलवी. उत्तरेचा वारा असला की ती टिनेकाच्या रस्त्यावर असायची.

हे टिनेकाला आठवड्याभरात पाठ झालं. सकाळी उठल्यावर ती आधी खिडकीबाहेरच्या पॉपलरच्या पानांकडे बघू लागली.

“काय गं,” एक दिवस आईनं विचारलं, “उत्तरेचा वारा सुटला की तुला तो चांगला स्वेटर कसा लागतो?”

“उत्तरेचा वारा गार असतो, आई.”

“हो का? मग परवा पश्चिमेचा होता तो काय शेगडीवरून आला होता?”

टिनेकानं पावाचा तुकडा तोंडात कोंबला. भरल्या तोंडानं उत्तर देता येत नाही, ही पावाची मोठी सोय आहे.

साखळी आता पडत नव्हती, तरी ती थांबायची. क्रेलिसकाका — तो खुर्चीतला म्हातारा, पूर्वी ट्रामवर वाहक होता — तिला थर्मासमधली कॉफी द्यायचा. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळे आणि मग डबा बंद. तिकडची रीतच तशी. पाहुणा कुणीही असो, एक कॉफी, एक बिस्किट. एक दिवस काका डबा बंद करायला गेला, तर योरिसनं तो मध्येच धरला आणि टिनेकापुढे केला.

“आणखी एक घे.”

काकाची भुवई टोपीत गेली. “दुसरं बिस्किट? अरे, चाळीस वर्षांच्या संसारात मी माझ्या बायकोला दुसरं बिस्किट दिलं नाही!”

“म्हणूनच ती तुम्हाला रोज इथे पाठवते,” टिनेका म्हणाली आणि बिस्किट उचललं. योरिस कानापर्यंत लाल झाला. तो लेडनला दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होता. काका म्हणायचा, “हा पोरगा अख्ख्या गावाला तोंड उघडायला लावतो, स्वतः मात्र मूग गिळून बसतो.”

खरंच होतं ते. विमानांबद्दल विचारा, योरिस तासभर बोलेल. कुठल्या विमानाचं नाक कसं, कुठल्याचा आवाज कसा, ऊन पाठीशी असलं की पोटाखालची सावली कशी नाहीशी होते... आणि स्वतःबद्दल विचारलं की ढिम्म. पण टिनेका बोलत असली की तो आकाशाकडे बघायचं विसरायचा. दोन-तीनदा विमानं त्याच्या डोक्यावरून निघून गेली आणि त्यानं कॅमेरा उचलला नाही. टिनेकानं ते बघितलं होतं. पण बघितलंय असं तिनं दाखवलं नाही.

मग सप्टेंबरमधली ती संध्याकाळ. वारा नैर्ऋत्येचा. विमानं दुसऱ्याच बाजूला उतरत होती, त्यामुळे टिनेका जुन्या स्वेटरमध्ये, काहीतरी गुणगुणत निघाली होती. वळणावर आली तर कुंपणाशी एकटा योरिस. ना काका, ना खुर्च्या, ना वर एखादं विमान. फक्त बीटच्या शेतावरचे कावळे.

ती सायकलवरून उतरली. “आज विमानं पलीकडून उतरतायत ना?”

“हो.”

“मग तू इथे काय करतोयस?”

“वाटलं... वारा फिरेल.”

“फिरेल?”

त्यानं बोट ओलं करून वर धरलं. अगदी गंभीरपणे. “अजून तरी नाही.”

“थांबूया मग थोडं,” टिनेका म्हणाली.

दोघं बांधावर बसले. कालव्यातून एक लांबडी होडी गेली. हलका पाऊस आला, त्यानं आपला कोट दोघांच्या डोक्यावर धरला. वारा काही फिरला नाही. अंधार पडेपर्यंत त्यांनी त्याची वाट बघितली. घरी जाताना टिनेकाला वाटलं, आपल्यासाठी कुणी इतका वेळ, इतक्या खोट्या कारणासाठी थांबलं नव्हतं आजवर.

हिवाळ्यात विमानवेड्यांची स्लाइड-रात्र असायची. हूफडॉर्पच्या एका कॅफेची मागची खोली, सिगारेटच्या धुरात फिरणारा प्रकाशाचा झोत, भिंतीवर विमानामागून विमान, आणि प्रत्येकावर मंडळींचा शेरा: “नाक अंधारात आहे.” “शेपूट कापलंस की रे!” योरिसची पाळी आली. पहिल्या काही स्लाइडना सगळ्यांनी माना डोलवल्या. मग भिंतीवर एक चित्र आलं.

वरच्या कोपऱ्यात अर्धंमुर्धं विमान. आणि खाली, चौकट भरून, टिनेका. केस उडालेले, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही कानांवर काळे हात.

“चुकून आली,” योरिस प्रोजेक्टरमागून पुटपुटला.

“बाद!” अंधारातून कुणीतरी ओरडलं.

“बादच आहे,” क्रेलिसकाका म्हणाला. “मध्ये ते विमान कशाला घेतलंस?”

सगळी खोली हसली. टिनेकाचे गाल असे तापले की अंधाराचे तिनं आभार मानले. आणि ती स्लाइड काही जाईना.

“बटण अडकलंय,” योरिस म्हणाला. बटण अडकलेलं नव्हतं. शेजारच्यानं ते सहज दाबलं आणि पुढचं विमान आलं.

रात्री तो तिच्याबरोबर तिची सायकल ढकलत निघाला. कालव्याच्या कडेला पातळ बर्फ धरला होता.

“चुकून आली होती?” टिनेकानं विचारलं.

“हो... म्हणजे, नाही.”

ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. पुढचा शब्द आला नाही. मग तिनंच आपला गारठलेला हात त्याच्या कोटाच्या खिशात सारला. आत फिल्मच्या डब्या खचाखच भरलेल्या.

“इथे जागाच नाही.”

त्यानं एकेक करून सगळ्या डब्या काढल्या आणि दुसऱ्या खिशात भरल्या. मग घरापर्यंत टिनेकाचा हात तिथेच राहिला.

तिला तो आवडला होता. आवडला कसला, ती त्याच्यासाठी वेडी झाली होती. त्यालाही ती आवडते हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मुलीला एकदा तरी ते कानांनी ऐकायचं असतं.

जानेवारीत एकदा कॉफी पिताना तिनं सहज विचारलं, “तू स्वतः किती वेळा बसलास रे विमानात?”

योरिसनं कपात बघितलं. “एकदाही नाही.”

“एकदाही नाही?”

“आत बसलं की विमान दिसत नाही ना.”

“खरं सांग तिला,” काका म्हणाला.

“...भीती वाटते,” योरिस म्हणाला. “उंचीची. माझी मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते, तिच्याकडे मी खिडकीपासून लांब बसतो. एकदा शाळेतून चर्चच्या मनोऱ्यावर नेलं होतं, तेव्हा दोघांनी धरून खाली आणलं मला.”

टिनेका हसली नाही. तिला उलट फार माया आली त्याची. ज्याला आपण हात लावू शकत नाही त्याच्यावर माणूस इतकं प्रेम करतो, आणि रोज कुंपणाशी येऊन उभा राहतो...

फेब्रुवारीत तिच्या मालकानं तिला बोलावलं. मालकाच्या भावाचा केनियात नैवाशा तळ्याकाठी गुलाबांचा मळा होता. तिथे डोळे भरायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं. दोन वर्षांसाठी, मार्चमध्येच निघायचं. टिनेकाच्या डोळ्यांपुढे तळं उभं राहिलं, उघड्यावर वाढणारे गुलाब, रोज ऊन... तिला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. आणि त्याच मनापासून तिला वाटत होतं की योरिसनं एकदा, फक्त एकदा तोंड उघडावं. त्या शब्दांवर ती दोन वर्षं काढू शकली असती. ते नसतील, तर आपण नक्की काय मागे ठेवून जातोय हेही तिला कळणार नव्हतं.

उत्तरेच्या वाऱ्याचा दिवस बघून तिनं त्याला सांगितलं.

योरिसनं कॅमेऱ्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, “कुठल्या विमानानं?”

“बस्स? एवढंच विचारायचंय तुला?”

“...खिडकी मिळेल?”

“योरिस!” तिनं पायानं खडी उडवली. “मी जाऊ की नको?”

“तुला जायचंय ना?”

“जायचंय.”

“मग जा,” तो म्हणाला. “तू जावंस असंच वाटतं मला.”

“आणि तुला काही म्हणायचं नाही?”

“म्हणायचंय.”

“मग म्हण की!”

त्यानं तोंड उघडलं. नेमकं त्याच वेळी एक भलंमोठं विमान डोक्यावर आलं, आणि त्याचे ओठ हलले की नुसते थरथरले, हे तिला कळलंच नाही. आवाज ओसरल्यावर तो एवढंच म्हणाला, “निघायच्या दिवशी सांगेन. मी येईन ना निरोप द्यायला. नक्की येईन.”

त्या ‘नक्की येईन’वर टिनेकानं तो महिना काढला.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या हॉलमध्ये ती वेळेच्या कितीतरी आधी पोचली. केसांना तिनं निळी रिबीन बांधली होती. आईनं वाटेत खायला चीज लावलेला पाव कागदात गुंडाळून आणला होता, आणि तो कागद तिच्या हातात चुरगळत होता. दार सरकत होतं, माणसं आत येत होती, मिठ्या मारत होती, रडत होती. दर वेळी दार सरकलं की टिनेका टाचा उंचावून बघायची.

“येईल गं,” आई म्हणाली.

थोड्या वेळानं म्हणाली, “गाडी चुकली असेल.”

मग तिनं नुसता मुलीच्या पाठीवर हात ठेवला. टिनेकाच्या विमानाची शेवटची हाक झाली. तिनं आणखी एकदा दार सरकायची वाट बघितली. दार सरकलं, एक म्हातारं जोडपं आत आलं. टिनेकानं आईला घट्ट मिठी मारली आणि निघाली. तपासणीच्या रांगेत तिनं केसांची रिबीन सोडून खिशात टाकली.

विमान हललं. तिनं खिडकीला कपाळ टेकवलं. वारा नैर्ऋत्येचा होता. धावपट्टीवर ते धावू लागलं, गवत मागे पळू लागलं, आणि शेवटी, जमीन सुटता सुटता, तिला कुंपण दिसलं. कुंपणाशी माणसांची रांग. रांगेत एक उंच, काटकुळा. पायाखाली शिडी. डोळ्याला कॅमेरा.

आला होता तर तो. विमानाला निरोप द्यायला.

“जळ्ळा मेला तो कॅमेरा,” टिनेका म्हणाली आणि ढग लागेपर्यंत रडली. शेजारच्या बाईनं न विचारता तिला आपला रुमाल दिला.

नैवाशाला ऊन होतं, तळं होतं, रात्री पाणघोडे चरायला काठावर येत. गुलाब तर असे वाढत की तिला घरच्या काचघरातल्या गुलाबांची कीव येई. तिच्या हाताखाली बायका भराभर शिकल्या. त्यांतली न्याम्बुरा तिची मैत्रीण झाली. सगळं छान होतं, आणि टिनेका संध्याकाळी मळ्यातला वारा कुठल्या दिशेचा आहे ते बघत उभी राहायची. सवय, दुसरं काय! आणि स्वतःवरच चिडायची.

दीड महिन्यानं टपालानं एक लहानसं पाकीट आलं. आत एकच स्लाइड. तिनं ती उन्हाकडे धरली, एक डोळा मिटला. विमान जमिनीवरून नुकतं सुटलेलं, नाकावर ऊन, पोटाखाली सावलीचा ठिपका नाही. योरिसनं आयुष्यात काढलेला सगळ्यात सुंदर फोटो होता तो. चौकटीवर नेहमीप्रमाणे विमानाचा नंबर, शिपोल, तारीख. आणि पंखामागच्या एका खिडकीवर, सुईच्या टोकाएवढा शाईचा ठिपका. त्या खिडकीत काही दिसत नव्हतं, नुसती चकाकी.

रागानं तिनं स्लाइड पुन्हा पाकिटात कोंबली. तिनं एक कार्ड घेतलं आणि लिहिलं: “फोटो पोचला. विमान छान आलंय. मी दिसत नाही. हॉलमध्ये दिसले असते.”

कार्ड टाकलं आणि तिला वाटलं, संपलं. उत्तर आलं नाही. मे गेला, जून गेला. न्याम्बुरा म्हणायची, “विसर त्याला. आमच्या गावात शिक्षक आहे एक, नुसता बोलतच असतो. कान किटतील तुझे.” टिनेका हसायची. रात्री मात्र त्या कोटाच्या खिशाची आठवण यायची, आणि इतकी यायची की तिला उठून बसावं लागे.

जुलैत एक दिवस दुपारी ती गुलाबाच्या काड्या निवडत होती. न्याम्बुरा ओढणीनं तोंड पुसत आली.

“टिनेका, फाटकाशी एक भूत उभं आहे. मुळात पांढरं असावं, आता धुळीनं तांबडं झालंय. तुझं आहे का बघ.”

टिनेका बाहेर आली. फाटकाशी योरिस उभा होता. कपडे चुरगळलेले, केसांत धूळ, चेहरा आजाऱ्यासारखा. त्याच्या गळ्यात काही नव्हतं. त्याला तसं तिनं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे क्षणभर तो तिला दुसराच कुणी वाटला.

“तू?” ती म्हणाली. “कसा आलास?”

“विमानानं.”

तिच्या हातातल्या काड्या खाली पडल्या. तो त्या गोळा करायला वाकला आणि वाकलेलाच बोलू लागला. तसं बोलणं त्याला सोपं जात असावं.

“तुझं कार्ड क्रेलिसकाकांना दाखवलं. ते म्हणाले, गाढवा, तू आधी हॉलमध्ये गेला नव्हतास? मी म्हटलं, हॉलमध्ये कशाला? आपण सगळे कुंपणापाशीच होतो की... टिनेका, मला खरंच वाटलं, निरोप तिथेच देतात. आमच्यात कुणीही निघालं की सगळे कुंपणाशीच येतात. शिडीसुद्धा पहाटे जाऊन लावली होती. काकांची मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हाही आम्ही सगळे तिथेच होतो. आणि काका तेव्हा म्हणाले... म्हणजे आता म्हणाले... की ती अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. तिची आई एकटीच गेली होती हॉलमध्ये. इतकी वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.”



तो उठला. काड्या त्यानं छातीशी धरल्या होत्या, आणि काटे टोचत असणार, पण त्याचं लक्ष नव्हतं. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. त्या साखळीच्या दिवसापासून. हे मी तेव्हाच, तिथेच सांगायला हवं होतं.”

“हो,” टिनेका म्हणाली. “सांगायला हवं होतं.”

तिला ऐकायचं होतं ते हेच. किती महिने वाट बघितली होती तिनं याची! पण मन मोठं विचित्र असतं. त्या सरकणाऱ्या दारापाशी जे दुखावलं होतं ते एवढ्यानं पुरतं निवलं नाही. चार शब्द काय, काकानं शिकवून पाठवले असतील. ओठांवर आलेलं हसू तिनं दाबलं, नाक वर केलं आणि जरा खोचकपणेच विचारलं, “बरं. विमान कुठलं होतं? नंबर काय त्याचा?”

योरिसनं तोंड उघडलं. मग मिटलं. त्यानं शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा. मग तो आठवायला लागला — कपाळाला आठ्या घालून, अगदी जीव तोडून. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, आणि मग नुसतं आश्चर्य.

“नंबर...” तो म्हणाला. “बघितलाच नाही मी.”

“बघितला नाही?”

“निळं होतं,” योरिस म्हणाला. “...बहुतेक.”

टिनेका त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली, आणि काड्यांची, काट्यांची, फाटकाशी जमलेल्या बायकांची पर्वा न करता तिनं त्या धुळीनं माखलेल्या माणसाला घट्ट धरलं.